एकट्याने पहिल्यांदा युरोप: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट

पहिल्यांदा एकट्याने युरोपला निघालेल्या माणसाची यादी बहुतेक वेळा ठरलेली असते. पॅरिस, रोम, व्हेनिस, ॲमस्टरडॅम, जमलं तर बार्सिलोना. यातलं एकही शहर कमी नाही. पण अशी यादी घेऊन निघालात तर निम्मा वेळ स्टेशनं, विमानतळ आणि हॉटेलांच्या काउंटरवर जातो, आणि दर दोन-तीन दिवसांनी नव्या देशाचा इतिहास पहिल्या पानापासून उघडावा लागतो. म्हणून पहिल्या खेपेला एकाच इतिहासातली आणि एकाच रेल्वेमार्गावरची तीन शहरं घ्या, असा माझा आग्रह आहे: प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट.

१५२६ साली, म्हणजे पानिपतची पहिली लढाई झाली त्याच वर्षी, हंगेरीचा राजा मोहाच इथे तुर्कांशी झालेल्या लढाईतून निसटताना मेला. तोच बोहेमियाचाही, म्हणजे प्राग ज्याची राजधानी त्या राज्याचाही, राजा होता. त्यानंतर या दोन्ही मुकुटांवर व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्याने हक्क सांगितला आणि १९१८ पर्यंत तिन्ही शहरांचं नशीब एकमेकांत गुंतलं. त्यामुळे प्रागच्या एखाद्या खिडकीपाशी जे कळतं ते व्हिएन्नाच्या राजवाड्यात कामाला येतं, आणि व्हिएन्नात जे कळतं त्याने बुडापेस्ट उलगडतं. बरोबर गाईड नसलेल्या एकट्या माणसाला याचा फार मोठा आधार होतो.

पहिलं पाऊल: महिना आणि रात्री ठरवा

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये प्रागचा जुना भाग इतका भरतो की गल्लीत चालताना समोरच्याची पाठच दिसते. डिसेंबरचे नाताळ बाजार सुंदर असतात, पण चारच्या सुमारास अंधार पडतो आणि पहिल्यांदाच एकट्याने गेलेल्याला ती लांबलचक संध्याकाळ जड जाते.

दर शहरात किमान चार रात्री ठेवा. व्हिएन्नाला पाच द्या, कारण तिथे बघायला जास्त आहे. याचा व्हिसासाठीही उपयोग होतो, तो असा.

दुसरं पाऊल: व्हिसा

चेकिया, ऑस्ट्रिया आणि हंगेरी हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. सगळीकडे सारख्याच रात्री असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. व्हिएन्नाच्या पाच रात्री असल्या की ऑस्ट्रिया ठरतं, गोंधळ राहत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मात्र पंधरा दिवसांवर विसंबू नका. उन्हाळी सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा.

एकट्याच्या अर्जात दोन कागद नीट जमवा. एक, नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र. दोन, तारीखवार कार्यक्रम: कुठल्या रात्री कुठे मुक्काम आणि एका शहरातून दुसऱ्यात कसं जाणार. सोबत कोणी नसताना हा माणूस का चाललाय आणि परत येणार का, हाच अधिकाऱ्याचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर कागदांतून मिळालं पाहिजे.

तिसरं पाऊल: विमान, रेल्वे, खोली

विमानाचं तिकीट जाताना प्रागचं आणि येताना बुडापेस्टचं काढा. जिथे उतरलो तिथूनच परतायचं असं काही बंधन नाही, आणि उलट प्रवासाचा एक अख्खा दिवस वाचतो. मध्ये फक्त रेल्वे. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. तिकिटं लवकर काढली तर खूप स्वस्त पडतात. जागेचं आरक्षण काही गाड्यांत वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. शनिवार-रविवार असेल तर ते नक्की घ्या, नाहीतर उभ्याने जावं लागेल.

खोली घेताना जुन्या शहराच्या अगदी मध्यात घेऊ नका. तिथे भाडं जास्त आणि रात्री गोंगाट. ट्रामच्या दोन-तीन थांब्यांवर, थांब्यापासून पाच मिनिटांच्या चालीवर बघा. रात्री एकटीने परतायचं असेल तर हे अंतर भाड्यापेक्षा महत्त्वाचं. लिफ्ट आहे का, हेही विचारा. शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारतींमध्ये चौथा मजला म्हणजे खरोखरच चार उंच जिने.

चौथं पाऊल: बॅग

एकटे असताना बॅग राखायला कोणी नसतं, स्वच्छतागृहातही ती बरोबर न्यावी लागते. म्हणून स्वतः उचलून एक जिना चढता येईल इतकीच. प्रागचे रस्ते दगडी ठोकळ्यांचे आहेत, त्यावर लहान चाकं अडकतात. बूट नवे नकोत, महिनाभर तरी पायात घातलेले हवेत.

आपल्या साध्या दोन पिनांचे चार्जर तिकडे बहुतेक चालतात, जाड तीन पिनांचे चालत नाहीत.

खाऊ न्यायचा तर कोरडा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, चकल्या न्या. तूप, पेढे, बर्फी, चीज मात्र घरी ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको.

पाचवं पाऊल: प्रागमध्ये पहाटे उठा

आपली वेळ उन्हाळ्यात त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. म्हणजे घरी सकाळी आठला उठणाऱ्याला तिथे साडेचारला आपोआप जाग येते. बरेच जण याला त्रास समजून कूस बदलत पडून राहतात. पहिले दोन-तीन दिवस मिळणारी ही देणगी आहे, ती घ्या. अंगावर जाकीट चढवा आणि चार्ल्स ब्रिज गाठा.

सम्राट चौथ्या कार्लने १३५७ मध्ये हा पूल बांधायला घेतला. लांबी ५१६ मीटर, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. सकाळी दहानंतर इथे धड उभं राहता येत नाही. पहाटे मात्र चार-दोन छायाचित्रकार आणि धावणारे सोडले तर पूल मोकळा असतो. जुन्या शहराकडच्या बुरुजाखालून शिरा आणि किल्ल्याच्या दिशेने चाला. पहिल्या फेरीत फोन खिशात ठेवा. पुतळ्यांचे चेहरे, खाली व्ल्टावा नदीतले बांध, समोर चढत गेलेली लाल कौलं हे सगळं एकदा नुसतं बघा. फोटो परतीच्या फेरीत.

तसंच वर चढून किल्ल्यावर जा. आवारात फिरायला तिकीट नाही, आतल्या इमारतींना आहे. सेंट व्हायटस कॅथेड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पुरं झालं. मध्ये शतकानुशतकं ते अर्धवट उभं होतं. आत गेल्यावर जुना आणि नवा भाग कुठे जुळतो ते शोधा. नव्या भागात अल्फोन्स मुखा या चित्रकाराने रंगवलेली काचेची खिडकी आहे, ती बघा.

शेजारच्या जुन्या राजवाड्यात तिकीट काढून जाच. २३ मे १६१८ रोजी इथल्या खिडकीतून प्रॉटेस्टंट सरदारांनी हॅब्सबर्ग सम्राटाचे दोन प्रतिनिधी आणि त्यांचा चिटणीस यांना खाली फेकलं. तिघेही वाचले, पण त्यातून तीस वर्षं चाललेलं युद्ध पेटलं. बंड १६२० मध्ये मोडलं आणि २१ जून १६२१ रोजी बंडातल्या २७ जणांना जुन्या शहराच्या चौकात मारलं. चौकातल्या टाऊन हॉलजवळ फरसबंदीत २७ पांढरे क्रूस बसवलेले आहेत. शेजारच्या १४१० सालच्या खगोलीय घड्याळाकडे माना वर करून शेकडो लोक उभे असतात, आणि त्यातले बरेच जण नकळत त्याच क्रुसांवर उभे असतात. आधी किल्ल्यावरची खिडकी, मग हे क्रूस, याच क्रमाने बघा. मग व्हिएन्ना मालक कशी झाली आणि प्राग मागे कसं पडलं हे कोणी सांगायला लागत नाही.

योसेफोव्ह या ज्यू वस्तीला अर्धा दिवस द्या, शनिवार सोडून, कारण त्या दिवशी सगळं बंद असतं. जुन्या दफनभूमीला जागा वाढवून मिळाली नाही, म्हणून थरावर थर देत पुरत गेले. थडगी एकमेकांना टेकलेली आहेत. पिंकास सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळाच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. तिथून बाहेर पडल्यावर लगेच दुसरं काही बघायला जाऊ नका.

प्रागचे व्यवहार थोडक्यात. चलन कोरुना, युरो नव्हे. रस्त्यावरच्या चलन बदलणाऱ्या दुकानांच्या पाटीवर ‘कमिशन शून्य’ लिहिलेलं असलं तरी दर पडेल असू शकतो, आधी ‘हातात किती पडणार’ ते विचारा. एटीएमने ‘रुपयांत हिशोब करू का’ असं विचारलं तर नकार द्या आणि स्थानिक चलन निवडा. हा नियम तिन्ही शहरांत पाळा. ट्रामचं कागदी तिकीट आत चढल्यावर यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीस साध्या वेशात असतात. २२ नंबरची ट्राम किल्ल्यावर नेते, तिच्यात पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

जेवायला एकट्याने जायचा संकोच प्रागमध्येच सोडता येतो. इथल्या बिअरच्या खानावळींत मोठ्या टेबलांवर अनोळखी लोक एकत्र बसतात. रिकाम्या खुर्चीकडे हात करून विचारलं की लोक सरकून जागा देतात. शाकाहारी असाल तर तळलेलं चीज, बटाट्याचे पदार्थ, सूप मिळतं, पण सूप मांसाच्या पाण्यात केलं आहे का ते विचारून घ्या. रस्तोरस्ती विकला जाणारा गोड गुंडाळलेला त्रदेलनीक जुनी प्राग खासियत म्हणून खपवतात. तो खा, पण परंपरा म्हणून नको. पर्यटकांच्या गर्दीबरोबरच तो इथे पसरला.

सहावं पाऊल: व्हिएन्नात सावकाश व्हा

प्राग पायाने बघायचं, व्हिएन्ना बरीचशी बसून. आधी तिचा नकाशा समजून घ्या. मध्यभाग एका गोलाकार रुंद रस्त्याच्या कड्यात आहे, त्याचं नाव रिंगश्ट्रासं. तिथे पूर्वी तटबंदी होती. डिसेंबर १८५७ मध्ये, आपल्याकडे उठाव धुमसत असताना, सम्राट फ्रान्झ योझेफने ती पाडायचा हुकूम दिला आणि त्या जागी ऑपेरा, संसद, संग्रहालयं, विद्यापीठ उभं राहिलं. पहिल्या दुपारी १ आणि २ नंबरच्या ट्राममधून या रस्त्याचा मोठा भाग खिडकीतून बघून घ्या. पुढचे दिवस दिशा चुकत नाहीत.

तट कशासाठी होता, याचं उत्तर सेंट स्टीफन कॅथेड्रलवर मिळतं. १६८३ च्या उन्हाळ्यात तुर्कांनी शहराला वेढा घातला, १२ सप्टेंबरला पोलंडचा राजा यान सोबिएस्कीच्या मदतीने तो फुटला. त्यानंतर दोन-एक महिन्यांतच संभाजी महाराजांनी फोंड्याच्या किल्ल्याभोवतीचा पोर्तुगीजांचा वेढा मोडून काढला. सनावळी लक्षात राहत नाही अशी तक्रार असेल तर ही युक्ती वापरा. तिकडच्या प्रत्येक मोठ्या वर्षाला आपल्याकडचं एक वर्ष बांधून ठेवा, ते सुटत नाही. वेढ्यानंतर मागे राहिलेल्या तुर्की तोफांच्या धातूची मोठी घंटा १७११ मध्ये ओतली. १९४५ च्या आगीत ती खाली पडून फुटली, मग त्याच धातूतून पुन्हा ओतली. दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या चढलात तर छताची रंगीत नक्षीची कौलं आणि पलीकडे, जिथे सोबिएस्कीचं सैन्य उतरलं, त्या टेकड्या दिसतात.

संग्रहालयांबद्दल माझं मत ठाम आहे: दिवसाला एकच. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालय निवडलंत तर थेट सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रॉयगल याच्या दालनात जा. त्याची इतकी चित्रं जगात दुसरीकडे एकत्र नाहीत. ‘बर्फातले शिकारी’ समोर बाक आहे, तिथे बसा. बरोबर कोणी नसल्याने ‘चला आता’ म्हणणारंही कोणी नाही. एका चित्रासमोर अर्धा तास बसता येणं ही एकट्या प्रवासाची सर्वांत मोठी कमाई आहे. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, वार आधी बघा.

कॉफीघराचंही तसंच. आत जा, रिकामं टेबल बघून बसा, मेलांज, म्हणजे दुधाची कॉफी, मागवा. कॉफीबरोबर ताटलीत पाण्याचा पेला येतो. बिल मागितल्याशिवाय येत नाही, आणि एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. १८८० पासून चालू असलेल्या काफे श्पेर्लसारख्या ठिकाणी लाकडी दांड्यांत अडकवलेली वर्तमानपत्रं असतात. रोज संध्याकाळी चार वाजता इथे डायरी लिहायला बसा. शहरं भराभर एकमेकांत मिसळतात, त्याच दिवशी लिहिलेलंच शाबूत राहतं.

रात्री ऑपेरा. उभ्याने बघायची तिकिटं फार स्वस्त असतात. जुनी रीत अशी: जागा मिळाली की समोरच्या दांड्याला रुमाल किंवा ओढणी बांधायची, ती जागा तुमची. बाहेर चक्कर मारून आलात तरी कोणी हात लावत नाही. तीन तास पाय दुखतात हे खरं.

व्हिएन्नाचा आपल्याशी असलेला एक धागाही माहीत असू द्या. सुभाषचंद्र बोस १९३० च्या दशकात उपचारांसाठी इथे आले आणि १९३४ मध्ये ‘द इंडियन स्ट्रगल’ हे पुस्तक त्यांनी इथे लिहिलं. त्या कामात त्यांना मदत करणाऱ्या एमिली शेंक्ल याच शहरातल्या. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या.

रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काही सोडून. शनिवारी संध्याकाळच्या आत दूध, पाव, फळं घेऊन ठेवा. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी शहराला येतं, नळाचं पाणी उत्तम आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी खिशात असू द्या. आणि दुकानात शिरताना ‘ग्र्यूस गॉट’ म्हणा, नुसतं आत जाऊन वस्तू मागणं इथे उद्धटपणाचं वाटतं.

सातवं पाऊल: बुडापेस्ट, नदीपासून

बुडापेस्ट शेवटी ठेवण्याची दोन कारणं. पाय थकलेले असतात आणि इथे गरम पाण्याची स्नानगृहं आहेत. दुसरं म्हणजे मागच्या दोन शहरांतले सगळे धागे इथे येऊन मिळतात.

पहिल्या संध्याकाळी पेस्ट बाजूने जाणाऱ्या २ नंबरच्या ट्राममध्ये नदीकडच्या खिडकीशी बसा. पलीकडे बुडाची टेकडी आणि राजवाडा, मध्ये डॅन्यूब, वाटेत १८४९ चा चेन ब्रिज. त्या पुलाआधी दोन्ही काठ कायमच्या पुलाने जोडलेले नव्हते, आणि बुडा, ओबुडा, पेस्ट यांचं मिळून एक शहर झालं ते १८७३ मध्ये. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवला, आणि पहिल्यांदा खुला झाल्यापासून बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये, तो पुन्हा खुला झाला.

संसदेजवळ उतरा आणि काठाने दक्षिणेकडे थोडं चाला. फरसबंदीच्या कडेला लोखंडाचे साठ जोड बूट आहेत, पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरीतल्याच फासिस्टांनी ज्यूंना इथे उभं करून बूट काढायला लावलं आणि गोळ्या घालून नदीत ढकललं. २००५ मध्ये हे स्मारक झालं. त्या बुटांवर पाय ठेवून फोटो काढणारे दिसतात. तुम्ही तसं करू नका.

बुडावर तुर्कांनी १५४१ ते १६८६ राज्य केलं. सप्टेंबर १६८६ मध्ये बुडा त्यांच्या हातून गेलं, त्याच महिन्यात इकडे विजापूर औरंगजेबाने घेतलं. त्या तुर्की काळातलं रुदाश स्नानगृह अजून चालू आहे. आठ खांबांवर घुमट, खाली अष्टकोनी कुंड, घुमटातल्या छिद्रांतून पडणारे प्रकाशाचे कवडसे. जाताना पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि रबरी चपला न्या. मनगटावर पट्टा मिळतो, त्यानेच लॉकर उघडतं, त्यामुळे एकटे असलात तरी सामानाची काळजी नाही. काही स्नानगृहांत स्त्रियांचे आणि पुरुषांचे वार वेगळे असतात, आधी चौकशी करा. मोकळ्या हवेतलं, मोठं, गजबजलेलं हवं असेल तर १९१३ सालचं सेचेनी. तिथे जायला १८९६ ची भूमिगत रेल्वे घ्या, युरोपच्या मुख्य भूमीवरची ही सर्वांत जुनी. डबे छोटे, स्थानकं टाइल्सची, जिना जेमतेम एक मजला खोल.

वर ज्या आंद्राशी रस्त्याखालून ही गाडी जाते, तो एकदा पायीही चाला. मागच्या गल्ल्यांत काही इमारतींच्या भिंतींवर १९४५ च्या सोव्हिएत वेढ्यातल्या आणि त्याच सत्तेविरुद्धच्या १९५६ च्या उठावातल्या गोळ्यांच्या खुणा अजून बुजवलेल्या नाहीत. चित्रकलेची आवड असेल तर हेही माहीत असू द्या: अमृता शेरगिल १९१३ मध्ये याच शहरात जन्मल्या, त्यांचं लहानपणही बरंचसं हंगेरीतच गेलं.

खायला लांगोश घ्या. तळलेली मोठी जाड पुरी, वर आंबट साय आणि किसलेलं चीज. लसूण मागून घ्या.

संध्याकाळी घरी फोन करायची वेळ रोज एकच ठेवा, आणि मुक्कामाचा पत्ता, गाडीची वेळ घरच्या एका माणसाकडे लिहून पाठवा. पासपोर्टची छायाप्रत बॅगेत आणि फोटो स्वतःच्या मेलवर ठेवा. तिन्ही देशांत तातडीचा क्रमांक ११२.

शेवटच्या दिवशी उरलेले फॉरिंट, म्हणजे हंगेरीचं चलन, तिथेच संपवा, भारतात ते बदलून मिळणं कठीण. विमानतळाला जाणारी १००ई बस देआक फेरेन्स चौकातून सुटते. तिला शहराचा पास चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. ते आदल्या रात्रीच काढून ठेवा.